प्रकटीकरण शब्दशः घ्यायचं की चिन्ह म्हणून? आणि ई-केवायसीच्या अंगठ्याचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन पास्टर आलेत, त्यांनी ओळीने प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, शिकवायला घेतलंय आणि ते म्हणतात यातलं सगळं शब्दशः घडणार, ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं म्हणजे हजारच, आणि जो "हे चिन्ह आहे" म्हणतो तो शास्त्रच मानत नाही. तुमच्या आजोबांच्या वेळचे पाळक नेमकं उलट सांगायचे. मग कोण खरं? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की मोठ्या भावाने पीएम किसानची ई-केवायसी करायला नकार दिलाय, कारण उजव्या हाताचा अंगठा मशीनवर ठेवला की प्रकटीकरणातल्या श्वापदाची, म्हणजे देवाच्या शत्रूची, खूण घेतल्यासारखं होईल असं त्याच्या डोक्यात बसलंय, हप्ता अडकलाय आणि वहिनी तुमच्या मागे लागल्यात की त्याला समजवा. मला तर ही शेवटची गोष्टच मुख्य वाटते, पण तिच्याकडे सरळ जाता येणार नाही, थोडं फिरून जावं लागेल.

मी पाळकांच्या ट्रेनिंगमध्ये बायबलमधली दानीएल आणि प्रकटीकरण ही पुस्तकं बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे हे भांडण माझ्या वर्गात प्रत्येक बॅचला होतंच. माझा कल आधीच सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला वाचताना हिशोब करता येईल: हजार वर्षांच्या बाबतीत मी तुमच्या आजोबांच्या पाळकांच्या बाजूचा. तरी तुमच्या पास्टरांना मी मोडीत काढणार नाही, त्यांच्या बाजूलाही वजनदार मुद्दे आहेत, ते पुढे येतील.

आता गडबड कुठे आहे तर "शब्दशः की चिन्ह" अशा दोन पार्ट्या पाडण्यात. पूर्ण शब्दशः वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. पास्टरांना नम्रपणे विचारून बघा की पाचव्या अध्यायात वधलेला कोकरा आहे, त्याला सात शिंगं आणि सात डोळे, तर स्वर्गात गेल्यावर आपल्याला मेंढीचं पिल्लू दिसणार का? नाही म्हणतील, म्हणतील तो येशू, शिंगं म्हणजे सामर्थ्य. बरोबर आहे. बाराव्या अध्यायात सूर्य पांघरलेली स्त्री आणि शेपटीने तारे खाली ओढणारा अजगर, तिथेही चिन्हच धरतील. म्हणजे निवड सगळेच करतात, ते करतात आणि मीही करतो. विचारायचं ते हे की कुठे चिन्ह धरायचं आणि कुठे सरळ, हे तुम्ही कशावरून ठरवता, आणि तोच नियम सगळीकडे लावता का अडचण आली की बदलता.

वर्गात मी सगळ्यात आधी पुस्तक स्वतः कुठे अर्थ सांगतंय तिथे पेन्सिलीने खूण करायला लावतो. पहिल्याच अध्यायाच्या शेवटी सात समया म्हणजे सात मंडळ्या असं सरळ सांगितलंय. सतराव्यात श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि त्यावर बसलेली स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता चालवणारं मोठं नगर, आता त्या काळात सात टेकड्यांवरचं सत्ताधारी शहर म्हटलं की रोमशिवाय दुसरं काय कुणाच्या डोळ्यापुढे येणार होतं? दानीएलाच्या आठव्यात तर देवदूत नावं घेऊनच मोकळा होतो, मेंढा म्हणजे मेदय आणि पारसचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. म्हणजे चिन्ह धरणं ही काही नव्या शिकलेल्या लोकांची पळवाट नाही, शास्त्रच ते करून दाखवतं.

पण लगेच उड्या मारू नका, कारण दानीएलाचाच नववा अध्याय दुसऱ्या बाजूला ओढतो. तिथे दानीएल यिर्मयाचं पुस्तक वाचतोय आणि त्यात लिहिलेली सत्तर वर्षं तो सरळ वर्षं म्हणून घेतो, हिशोब करतो, मुदत भरत आली म्हणून प्रार्थनेला बसतो. आणि त्याच अध्यायात पुढे गब्रीएल येऊन सत्तर सप्तकांचं बोलतो, तर तिथे जवळजवळ सगळेच, पास्टरांच्या बाजूचे सुद्धा, सप्तक सात दिवसांचं न धरता सात वर्षांचं धरतात. एकच अध्याय, दोन आकडे, दोन वेगळे हिशोब. म्हणून "आकडा आला की शब्दशः" किंवा "आकडा आला की चिन्ह" असला ठोक नियम चालत नाही, प्रत्येक जागा तपासावी लागते.

दुसरं काम जरा कष्टाचं आहे, ते म्हणजे जुना करार उघडा ठेवून वाचायचं. यशया संदेष्ट्याचा तेरावा अध्याय काढा. तारे प्रकाशणार नाहीत, सूर्य उगवतानाच काळा पडेल, चंद्र उजेड देणार नाही. वाचून वाटतं जगाचा शेवट. पण अध्यायाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हे बाबेलविषयी आहे, आणि पुढे मेदी लोकांचं नावही आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडलं, पारसच्या कोरेश राजाचं सैन्य आत शिरलं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला. मग यशया खोटा ठरला का? कुणीच तसं म्हटलं नाही, कारण साम्राज्य कोसळतं तेव्हा संदेष्टे आकाश कोसळल्याच्या भाषेत बोलतात हे ऐकणाऱ्यांना माहीत होतं. चौतिसाव्या अध्यायात आकाश गुंडाळीसारखं गुंडाळलं जातं ते अदोमच्या नाशाच्या संदर्भात, आणि प्रकटीकरणाच्या सहाव्यात तेच चित्र परत येतं. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, सकाळी शिष्य पेत्र योएल संदेष्ट्याचं वचन घेतो, सूर्याचा अंधार आणि चंद्राचं रक्त यासकट, आणि म्हणतो योएल बोलला ते हेच. (इथे तुमचे पास्टर म्हणतील की तेव्हा थोडं पूर्ण झालं, बाकीचं व्हायचंय. असं वाचता येतं, मी अडून बसत नाही.)

भारुडात कुणी विंचू चावला म्हणून बोंब मारली तर बसलेल्यांपैकी कुणी १०८ ला फोन लावत नाही, कारण हा प्रकार काय असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या ऐकणाऱ्यांना त्याचा प्रकार ठाऊक होता, आपल्याला नाही, म्हणून आपण नवव्या अध्यायातल्या टोळांमध्ये हेलिकॉप्टर शोधत बसतो. योएलात टोळधाड आहे ती बघायला कुणी जात नाही.

आणि हे ऐकणारे कोण होते हे विसरून चालत नाही. पत्र सात मंडळ्यांना आहे, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदीकिया, सगळी आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली खरीखुरी गावं. पर्गमात इ.स.पू. २९ पासून सम्राट औगुस्त आणि रोम यांचं देऊळ होतं आणि तिथल्याच अंतिपाचा जीव गेला हे दुसऱ्या अध्यायात लिहिलंय. लावदीकिया इ.स. ६० च्या भूकंपात पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, मग त्यांना लिहिलेलं "मी धनवान आहे, मला काही कमी नाही असं तू म्हणतोस" हे वाक्य किती झोंबलं असेल बघा. दानीएलाला सांगितलं होतं की पुस्तक शिक्का मारून ठेव, योहानाला उलट सांगितलं की शिक्का मारू नकोस, समय जवळ आहे. अर्थ हेलिकॉप्टर, बारकोड किंवा आधार असेल तर थुवतीरातल्या बिचाऱ्यांना एकोणीसशे वर्षं निरुपयोगी असलेलं पत्र दिलं असं होतं. म्हणून माझा एक साधा दंडक आहे: जो अर्थ पहिल्या ऐकणाऱ्याला कळूच शकला नसता तो पहिला अर्थ असू शकत नाही. नंतरच्या काळाला लागू पडतो का हा पुढचा प्रश्न.

अजून एक खुबी, जी दाखवली की माझ्या वर्गातले शब्दशःवाले पण गप्प होऊन पान उलटायला लागतात. योहान आधी ऐकतो एक आणि बघतो दुसरंच. पाचव्यात ऐकतो की यहूदाच्या वंशाचा सिंह जिंकला, वळून बघतो तर कोकरा. सातव्यात ऐकतो १,४४,०००, बारा वंशांतले प्रत्येकी बारा हजार, आणि मग बघतो तर कुणालाही मोजता येणार नाही असा सगळ्या राष्ट्रांतला लोकसमुदाय. सिंह आणि कोकरा एकच असतील तर १,४४,००० आणि तो समुदायही एकच असावा असं मला वाटतं. त्या बारा वंशांच्या यादीत दान नाही, आणि योसेफ आणि मनश्शे दोघेही आहेत, म्हणजे जनगणना करायचा विचार तिथे दिसत नाही. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक आकडा शब्दशः घेतात आणि वंश आत्मिक अर्थाने, एकाच वचनात दोन नियम. त्यांना हसायचं कारण नाही, आपण सगळेच कुठे ना कुठे हे करतो.

नव्या यरुशलेमेचं पण असंच. बारा हजार स्टेडिया लांब, तितकीच रुंद, तितकीच उंच, म्हणजे साधारण २,२०० किलोमीटर. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, हे नगर त्याच्याही कितीतरी वर जाणार. देवाला अशक्य काय, असं पास्टर म्हणतील, आणि ते मान्य, पण शक्य-अशक्यच्या वादात मुद्दा हुकतो. लांबी-रुंदी-उंची सारखी असलेली जागा शास्त्रात आधी कुठे आलीय? शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच. तिथे वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जायचा. आता अख्खं नगरच ती जागा झालंय, म्हणूनच पुढे लिहिलंय की त्यात मंदिर दिसलं नाही. किलोमीटर मोजत बसलं की हे हातातून निसटतं.

आता पास्टरांची बाजू, कारण ती नीट मांडली नाही तर मी लबाड ठरेन. त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा की पहिल्या आगमनाची वचनं सरळ सरळ पूर्ण झाली. मीखाने बेथलेहेम म्हटलं, बेथलेहेमच झालं. जखऱ्याने गाढवावर बसून येणारा राजा म्हटलं, येशू गाढवावरच आला. मग दुसऱ्या आगमनाची वचनं तेवढी चिन्ह कशी? याला माझं उत्तर अर्धंच आहे: मलाखीने एलीया येईल म्हटलं होतं आणि येशूने तो बाप्तिस्मा करणारा योहान असं सांगितलं, म्हणजे पहिल्या वेळीही दोन्ही तऱ्हा होत्या. पण अर्धंच, हे मान्य. दुसरा मुद्दा विसाव्या अध्यायाचा. तिथे काही जण जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात, आणि बाकीचे मेलेले हजार वर्षं भरेपर्यंत जिवंत होत नाहीत. आमच्या बाजूचे म्हणतात पहिलं जिवंत होणं आत्मिक, दुसरं शरीराचं. दोन ओळींच्या अंतरात अर्थ बदलला, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता असं कुणी विचारलं की मला घाम फुटतो, खोटं कशाला बोलू.

तिसरा मुद्दा, जुनेपणाचा. हजार वर्षं शब्दशः घेणारे फार जुने आहेत. दुसऱ्या शतकात पापियास, जस्टिन, इरेनियस हे मंडळीचे पुढारी सगळे तसं मानायचे. फक्त जस्टिन त्याच जागी हेही लिहून ठेवतो की शुद्ध विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती लोक असं मानत नाहीत. वेगळं मानणाऱ्याला त्याने शास्त्राबाहेर टाकलं नाही, तुमच्या पास्टरांनी एवढं जरी उचललं तरी मंडळीतलं वातावरण निवळेल. चिन्हवाल्यांची बाजू पुढे ओरिगेन आणि नंतर ऑगस्टीनने बळकट केली, आणि ऑगस्टीन स्वतः लिहितो की आधी तोही हजार वर्षं तशीच मानायचा. पश्चिमेत पुढची कितीतरी शतकं त्याचंच वाचन चाललं. आणि एक गोष्ट पास्टर बहुतेक सांगत नाहीत, की शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी मंडळी गुपचूप स्वर्गात उचलली जाणार वगैरे जे वेळापत्रक आज यूट्यूबवर तक्त्यासकट मिळतं ते या जुन्या लोकांचं नाही. ते एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाच्या शिकवणीतून आलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे जगभर गेलं. नवं म्हणून चूक असं माझं म्हणणं नाही, पण "हेच मूळ" असं म्हणू नये.

एक प्रसंग मात्र मला फार आवडतो, चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने लिहून ठेवलाय. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अर्सिनोए भागात नेपोस नावाच्या बिशपने चिन्हवाल्यांच्या विरोधात पुस्तक लिहिलं होतं, तो वारल्यावर ते इतकं डोक्यावर घेतलं गेलं की मंडळ्या फुटायला लागल्या. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस तिथे गेला, गावोगावचे शिक्षक जमवले आणि लोकांसमोर तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पुस्तक घेऊन चर्चा केली. नेपोसबद्दल तो आदरानेच बोलला, त्याच्या गीतांचं कौतुक केलं. आणि शेवटी त्या बाजूचा पुढारी कोराकियन म्हणाला मला पटलं, मी आता हे शिकवणार नाही. तीन दिवस! आणि आपण व्हॉट्सअप ग्रुपवर तीन मिनिटांत एकमेकांना सैतानाचे ठरवतो.

शब्दशः वाचणारा म्हणजे तारखा काढणारा असंही समजू नका. अमेरिकेतल्या विल्यम मिलरने ख्रिस्त परत येण्याची वेळ म्हणून १८४३-४४ काढलं ते दानीएलाच्या २,३०० दिवसांतला प्रत्येक दिवस वर्ष धरून आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजून, म्हणजे पायाच चिन्हाचा. २२ ऑक्टोबर १८४४ ला हजारो लोक वाट बघत राहिले. आणि दुसऱ्या टोकाला इरेनियस, हजार वर्षं शब्दशः मानणारा, पण ६६६ या श्वापदाच्या आकड्यावर नाव लावायची वेळ आली तेव्हा दोन-तीन शक्यता सांगून म्हणतो की ठामपणे सांगायला जाऊ नका, आत्ताच कळायला हवं असतं तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच सांगितलं असतं.

आमच्या बाजूचा रोगही सांगतो. चिन्ह, चिन्ह करत सगळं इतकं पातळ होतं की शेवटी "चांगल्या-वाईटाचा झगडा" एवढंच उरतं, अंतिपाचं रक्त नाही, न्याय नाही, मेलेल्यांचं उठणं नाही. श्वापद हे चिन्ह आहे म्हणजे श्वापद नाही असं होत नाही, स्मुर्णाच्या माणसासाठी ते फार खरं होतं. ख्रिस्त परत येणार, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार, त्याच्या राज्याला अंत नाही, हे मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण सगळे एकत्र म्हणतो, दोन्ही बाजूंचे. त्यात हजार वर्षांचा उल्लेख नाही, आणि ते मला पुरेसं बोलकं वाटतं.

तर आता दादा. त्याला हसू नका, तो देवाशी बेइमानी होऊ नये म्हणून घाबरलाय, पैशासाठी अडलेला नाही. असा विचार करणारा तो एकटाही नाही, मिझोरममध्येही काही ख्रिस्ती लोकांनी आधारला याच कारणाने विरोध केला होता. त्याच्याबरोबर बसून तेरावा आणि चौदावा अध्याय सलग वाचा, मधे थांबू नका. तेराव्याच्या शेवटी श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर, आणि चौदाव्याच्या पहिल्याच वचनात कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव. मग विचारा, दादा, तुझ्या कपाळावर पित्याचं नाव कोणत्या मशीनने लिहिलं? ते जर दिसत नसूनही खरं आहे तर दुसरी खूण तेवढी मशीनची कशी? जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्यातही देवाची वचनं हाताला आणि डोळ्यांच्या मधोमध बांधायला सांगितलीत, तिथूनच हे चित्र आलंय: हात आणि कपाळ, म्हणजे वागणं आणि निष्ठा. आणि चौदाव्यात ज्यांना इशारा दिलाय ते श्वापदाला नमन करणारे आहेत. न कळत, रांगेत उभं राहून, सेतू केंद्रातल्या पोराच्या सांगण्यावरून कुणी नमन करत नाही.

६६६ चं म्हणाल तर बरेच अभ्यासक नीरो कैसरकडे बोट दाखवतात, हिब्रू अक्षरांत ते नाव लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या की ६६६ येतात, आणि एक न कमी करून लिहिलं तर ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा आहे, म्हणून मला ही जोडणी पटते. दादाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही बघा, नीरोने त्याचं समाधान होईलच असं नाही.

त्याच्यासाठी जास्त कामाचं वेगळंच आहे. पास्टरांचं वेळापत्रक अगदी जसंच्या तसं खरं धरलं तरी त्यात खूण येते ती ख्रिस्तविरोधक उघड झाल्यावर, महासंकटात, आणि तोवर मंडळी उचलली गेलेली असते. म्हणजे त्यांच्याच हिशोबाने आधार ही ती खूण होऊ शकत नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा पास्टरांनी दादाला घरी येऊन सांगितलेलं बरं, त्यांना सरळ तशी विनंती करा, वाद घालू नका. तरी त्याचं मन मागे खेचत असेल तर जबरदस्ती नको. ई-केवायसी ओटीपीने पण होते, मोबाईल नंबर आधारला जोडलेला असला की झालं, मशीनवर अंगठा लागत नाही. चेहरा दाखवून करायचीही सोय आहे, पण ती सुचवू नका, लगेच कपाळाचा मुद्दा निघेल.